बरणीतल्या काड्या

आमच्या स्वयंपाकघरात वरच्या फळीवर, तिखटाच्या डब्यामागे एक काचेची बरणी आहे. पूर्वी तिच्यात लिंबाचं लोणचं असायचं. झाकण उघडलं की अजूनही हलकासा आंबट वास येतो. आता तिच्यात आगपेटीच्या काड्या आहेत. पाचशेच्या आसपास असतील, सगळ्या नव्याकोऱ्या, गुल शाबूत. आणि त्यातली एकही पेटत नाही.

झालं असं. दिवाळीची सुट्टी लागायच्या आदल्या दिवशी लेकीच्या शाळेच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मेसेज आला. पर्यावरणपूरक दिवाळी, घरातल्या टाकाऊ वस्तूंपासून टिकाऊ शोभेची वस्तू, शाळा उघडेल त्या दिवशी घेऊन येणे. खाली नमुना म्हणून एका बंगल्याचा फोटो आणि सामानाची यादी. रिकाम्या आगपेट्या बारा, आइस्क्रीमच्या काड्या वीस, टिश्यू पेपरच्या रोलमधली पुठ्ठ्याची नळी एक, सोनेरी कागद, चमकी. लेक तिसरीत आहे, त्यामुळे मॅडमनी पाठवलेली यादी म्हणजे शिलालेख. आम्ही दोघं घरभर टाकाऊ शोधत फिरलो. पण दोनच दिवसांपूर्वी बायकोने दिवाळीची साफसफाई उरकली होती. चपलांचे खोके, मिठाईचे डबे, जुन्या वह्या, सगळं पोत्यात भरून घंटागाडीत गेलं होतं. पेपर घेणं आम्ही करोनात बंद केलं ते केलंच. गॅसला लायटर, त्यामुळे आगपेटी घरात एकच, देवघरातली. “पप्पा, आपल्याकडे ती नळी का नाही?” या प्रश्नावर मी तिला न्हाणीघरातल्या मगाकडे बोट दाखवलं. ती हसून हसून जमिनीवर लोळली. मग मी स्कूटर काढली.

कोपऱ्यावरच्या स्टेशनरीवाल्याने मला बघूनच विचारलं, “तिसरीवाले का?” आणि पन्नास काड्यांचं पाकीट पुढे टाकलं. त्या काड्यांनी आयुष्यात आइस्क्रीम पाहिलं नव्हतं. सोनेरी कागद घेतला, चमकीची पुडी घेतली. चमकी म्हणजे पॉलिएस्टरच्या पातळ फिल्मचा भुगा, वरून ॲल्युमिनियमचा मुलामा. पर्यावरणपूरक यादीत ती कशी बसली ते मी ग्रुपवर विचारलं नाही. असले प्रश्न विचारणारे एक आजोबा ग्रुपवर आहेत, त्यांचं काय होतं ते मी बघतो. किराणा दुकानातून आगपेट्यांचा दहाचा पुडा घेतला. अकरावी शेजारून मागून आणली आणि बारावी शेवटी देवघरातली घेतली. रात्री दहा वाजता मी ओट्याशी उभं राहून एकेक पेटी उघडत होतो आणि काड्या बरणीत ओतत होतो. पेट्या रिकाम्या हव्या होत्या ना. ओतताना सळसळ असा आवाज होतो, बाजरी सुपात पडल्यासारखा, आणि गंधकाचा थोडा वास. ऐकायला बरं वाटत होतं, खोटं कशाला सांगू.

माय दिवाळीसाठी गावाहून आली होती. ती पाणी प्यायला उठली. दाराशी उभी राहून तिने बराच वेळ बघितलं. मग विचारलं, “आते ह्या काड्या कसावर घासशी रे भाऊ?”

बारा पेट्यांवर तेव्हा फेविकॉल लागला होता. पेटणारा माल काडीवर अर्धाच असतो हे मी विज्ञानात शिकलो होतो. गुलात पोटॅशियम क्लोरेट, आणि लाल फॉस्फरस पेटीच्या कडेच्या तपकिरी पट्टीवर. दोघांची गाठ पडल्याशिवाय जाळ नाही, म्हणून तर तिला सेफ्टी मॅच म्हणायचं. परीक्षेत याला दोन गुण मिळाले होते. आणि आता बाराही पेट्यांच्या पट्ट्या सोनेरी कागदाखाली चालल्या होत्या. मायने आणखी काही विचारलं नाही, पाणी पिऊन झोपायला गेली. मला मात्र तिचा प्रश्न त्या रात्री आणि नंतरही बरेच दिवस कुसळासारखा टोचत राहिला.

आमचं गाव अंमळनेरपासून आठ-नऊ किलोमीटर, बोरीच्या काठाला. दिवाळीच्या सुट्टीत तिथे ज्वारी निघालेली असायची. खळ्यावर कणसं आणि बाजूला धांड्यांची गंज. आमचं सगळं खेळण्यांचं दुकान त्या गंजीत होतं. चुलत भाऊ, आम्ही त्यांना जिभाऊ म्हणायचो, ते धांडा निवडून द्यायचे. लांब पेराचा, सरळ, फार वाळलेला नको आणि ओलाही नको. दोन पेरांमधला तुकडा तोडायचा आणि वरची साल दाताने सोलायची. ही साल म्हणजे पातं असतं. माझ्या उजव्या हाताच्या पहिल्या बोटावर आजही तिची पांढरी रेघ आहे, आणि ओठाचे कोपरे तर सगळ्यांचेच फाटलेले असायचे. सोललेल्या सालीचे उभे चिरे म्हणजे खिळे, आत निघणारं पांढरं मऊ भेंड म्हणजे लाकूड. भेंडाचे दोन तुकडे आडवे, त्यांना सालीच्या काड्या टोचून बैलगाडीची साटी. रुंद सालपट ओलं करून वाकवलं की चाकाचं कडं, मध्ये भेंडाचा तुंबा, आऱ्या पुन्हा सालीच्याच. जू, दोन बैल, गाडीवान. डिंक नाही, कात्री नाही. टोचलं की भेंड काडीला घट्ट धरून ठेवायचं. टोचताना येणारा तो किंचित करकरीत आवाज मला आता लिहिताना दातात जाणवतोय. जिभाऊ चष्मासुद्धा करायचे, तो घालून माझी चुलत बहीण गुरुजींची नक्कल करायची.

संध्याकाळी गाडी अंगणात ठेवून आम्ही जेवायला गेलो की शेळी यायची. तिने गाडी बैलांसकट खाल्ली की दुसऱ्या दिवशी दुसरी गाडी. रडणं वगैरे फक्त पहिल्या वर्षी झालं.

पोळ्याचे बैल असेच. श्रावणी अमावास्येच्या दोन-तीन दिवस आधी आम्ही शेतातली काळी माती आणायचो आणि मग मायचा ओरडा खायचो. कारण आमच्या भागातली ही माती ओली झाली की फुगते आणि वाळली की आकसते. उन्हाळ्यात शेताला पाऊल जाईल एवढ्या भेगा पडतात ते यामुळेच. त्या मातीचा बैल सकाळी दिमाखात उभा असायचा आणि संध्याकाळी त्याची मान तडकलेली. त्यावर मायचा उपाय म्हणजे बोरीच्या काठची पांढरट गाळाची माती निम्मी, चुलीतली राख मूठभर, आणि सरकी काढलेला कापूस पिंजून, बारीक तोडून मातीत तिंबायचा. कणीक मळतात तसं मळायचं. कापसाचे धागे माती धरून ठेवतात, भेग धावत नाही. तिंबलेल्या मातीला हात लावला की आत काहीतरी जिवंत आहे असं वाटायचं, केसाळ, थंड. शिंगं सगळ्यात शेवटी, आणि डोळ्यांच्या जागी ज्वारीचे दोन दाणे दाबायचे. पूजा झाली की बैल तुळशीपाशी. एका वर्षी पाऊस थांबेचना. आठेक दिवसांनी बघतो तर आमच्या बैलाच्या डाव्या डोळ्यातून हिरवा कोंब आला होता. पाय विरघळून तो बसला होता आणि डोळ्यातून ज्वारी उगवत होती. मला भीतीच वाटली. मायला मात्र फार आनंद झाला होता, तिने शेजारणींना बोलावून दाखवला.

गेल्या पोळ्याला मी लेकीसाठी बाजारातून बैलजोडी आणली. निळी शिंगं, गळ्यात रंगवलेली घुंगरं, पायाला चाकं. हातात घेतल्यावरच कळलं की प्लास्टर आहे, पण लेकीने तोवर नावं ठेवली होती. पूजा झाल्यावर तिला विसर्जन करायचं होतं, म्हणून बादलीत बुडवले. रंग दुसऱ्या दिवशीच सुटला आणि पाणी जांभळट झालं. बैल आठ दिवसांनीही तसेच, पांढरेफटक, कान सुद्धा जागेवर. प्लास्टर ऑफ पॅरिस म्हणजे भाजलेलं जिप्सम. पाणी लागलं की ते पुन्हा जिप्सम होतं, आणि लिटरभर पाण्यात ते दोन-अडीच ग्रॅमच विरघळतं. तीनशे ग्रॅमचा बैल म्हणजे सव्वाशे ते दीडशे लिटर पाणी हवं, तेही अधूनमधून ढवळत. आमची बादली वीस लिटरची. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने मे २०२० मध्ये मूर्तींसाठी प्लास्टर नको म्हणून मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यावर गणपतीच्या दिवसांत केवढी चर्चा होते. बैलांकडे कुणाचं लक्ष नाही. ती जोडी आता गॅलरीत कुंड्यांच्या मागे आहे. फेकवत नाही, पूजा केलेली आहे.

दुसऱ्या दिवशी बंगला वाळत असताना माय आणि मी गॅलरीत शेंगा सोलत बसलो होतो. मी तिला सहज म्हटलं, शाळेत टाकाऊपासून टिकाऊ शिकवतात. तिला वाक्य दोनदा सांगावं लागलं. मग ती म्हणाली, “आमनाकडे फेकाले काय व्हतं?” तक्रारीच्या सुरात नाही, खरंच आठवत असल्यासारखी. आणि मला आजीची टोपली आठवली.

आजी वर्षभर कागद साठवायची. वह्या, पंचांग, किराण्याच्या पुड्या, लग्नपत्रिका. उन्हाळ्यात ते सगळं घमेल्यात भिजायला पडायचं, तीन-चार दिवस, आणि ओटीवर एक कुबट वास पसरायचा. शेजारी वाटीत मेथ्या भिजत. मेथ्या पाट्यावर वाटल्या की बुळबुळीत, चिकट गोळा होतो, तो लगद्यात घालून उखळात कांडायचं. मेथीच्या कडूपणाने किडा लागत नाही असं आजीचं म्हणणं. मग पातेलं पालथं घालून, त्यावर फडकं टाकून तो लगदा हाताने थापायचा, बोटं ओली करत करत, कडेला पातळ आणि बुडाला जाड. कडक ऊन चार दिवस. सुटून आली की वरून शेवटचा एक थर अख्ख्या कागदांचा, गव्हाच्या खळीने डकवलेला, म्हणजे गुळगुळीत दिसावं. त्या शेवटच्या थरात माझी पाचवीची सहामाहीची गणिताची उत्तरपत्रिका गेली. शंभरपैकी चौतीस, लाल शाईत, भोवती गोल. आजीला वाचता येत नव्हतं, तिला तो लाल गोल नक्षीसारखा वाटला आणि तिने तो मुद्दाम बाहेरच्या बाजूला, मधोमध घेतला. पुढची तीन वर्षं घरात पाहुणे आले की त्या टोपलीतून बिबड्या, म्हणजे ज्वारीचे पापड, यायच्या आणि मी परसात जायचो. चौथ्या पावसाळ्यात टोपलीला ओल लागली आणि ती उकिरड्यावर गेली. तिथून शेतात. माझे चौतीस गुण कुठल्यातरी कपाशीला लागले असतील.

हे सगळं मी आता मोठ्या प्रेमाने सांगतोय, पण तेव्हा मला यातलं काहीही नको होतं. मला लाल प्लास्टिकची मोटार हवी होती. अंमळनेरला वैशाखात सखाराम महाराजांची यात्रा भरते, बोरीच्या पात्रात दुकानं लागतात. त्या दुकानांच्या रांगेत दोरीला टांगलेल्या मोटारी. धांड्याची गाडी माझ्या हातात असताना मी त्या मोटारीसाठी वाळूत लोळण घेतली होती. वडिलांनी शेवटी घेऊन दिली. ती रात्र मी तिला पोटाशी धरून झोपलो. तिचा वास, नव्या प्लास्टिकचा, गोडसर, मला आजही कुठे आला तर आतून काहीतरी हलतं. आणि शेळीने ती खाल्ली नाही. दोनदा तोंडात घेऊन टाकून दिली.

या दिवाळीत भाऊबीजेनंतर गावी गेलो तेव्हा माळ्यावर चढून बघितलं. भेंडाची एक गाडी नाही, मातीचा बैल नाही, टोपली नाही, आजी तर नाहीच. मोटार होती. दोन चाकं गेलेली, लाल रंग विटून गुलाबी झालेला, पण मोटार होती. हातात घेऊन बराच वेळ उभा राहिलो. टिकाऊ म्हणतात ते हेच, असं मनात आलं, आणि आनंद झाला का राग आला ते ठरवता येईना. खिशात घालून जळगावला घेऊन आलो आहे. लेकीने तिच्यात कापडाचा बोळा आणि एक खोडरबर बसवलाय.

मॅडमवर माझा राग नाही, हे लिहून ठेवतो. पन्नास मुलं, वर प्रदर्शन, वर फोटो कुणाला तरी पाठवायचे. शाळेत ज्वारीचे धांडे आणा म्हटलं तर आमच्या कॉलनीतले पालक ते ऑनलाइन मागवतील. मीसुद्धा मागवले असते. शहराच्या हद्दीबाहेर पाच किलोमीटरवर केळीचे बाग आहेत. घड निघाला की ते झाड पुन्हा फळत नाही, खोड तोडून बांधावर टाकतात, ढीगच्या ढीग. म्हणजे खरा टाकाऊ माल तिथे पडलाय, फुकट. त्याच्या सोपटात पणती ठेवली की होडी होते, आम्ही नदीत सोडायचो. पण केळीचा चीक कपड्याला लागला की तपकिरी डाग पडतो आणि तो कापड फाटेपर्यंत जात नाही. दिवाळीच्या नव्या फ्रॉकवर तो डाग बायकोला दाखवायची माझी हिंमत नाही.

एक गोष्ट मात्र त्या सुट्टीत जमली, आणि ती कुठल्या यादीत नव्हती. मायने लेकीला वाटीत हळद कालवून दिली, पांढऱ्या कागदावर फासायला लावली, पंख्याखाली वाळवली. मग पानाच्या डब्यातला चुना पाण्यात कालवला, काडीला कापूस गुंडाळून तिच्या हातात दिला आणि म्हणाली, काढ. लेकीने कागदावर रेघ ओढली. पांढरं पाणी, पिवळा कागद, आणि रेघ उमटली लालभडक. ती दचकून मागे सरकली. कुंकू असंच होतं, मायने सांगितलं. मग साबणाचं पाणी चालतं का, खायचा सोडा चालतो का, लिंबू पिळलं तर काय. लिंबाने रेघ पुन्हा पिवळी झाली तेव्हा तिने इतक्या जोरात आरोळी मारली की खालच्या मजल्यावरच्या काकू बघायला आल्या. दुपारभर ओटा, फरशी, तिचे कोपर, सगळं पिवळं. मामासाठी पणतीचं भेटकार्ड झालं. मामा म्हणाला खिडकीत ठेवतो. आठवड्याने त्याने फोटो पाठवला. उन्हात हळद उडाली होती, पणती अंधूक होऊन नुसता तांबूस डाग उरला होता. लेकीने फोनवर त्याला सांगितलं, “मग दुसरं करून देते.” मला शेळी आठवली.

पण मी बरणीचं सांगत होतो.

धनत्रयोदशीच्या संध्याकाळची गोष्ट. आगपेटी आणायची मी चार दिवस विसरत होतो. सकाळ-संध्याकाळ गॅसच्या शेगडीवर उदबत्ती पेटवून, हाताचा आडोसा करत देवघरापर्यंत न्यायची असं चाललं होतं आणि माय रोज त्या बरणीकडे एकदा बघायची. त्या दिवशी दिवेलागणीलाच लाइट गेली. बायको बाजारात, सिलिंडर नेमका दुपारी संपलेला, दुसरा सकाळी येणार. मी मोबाइलचा टॉर्च लावला. त्या पांढऱ्या उजेडात गॅलरीच्या कठड्यावर मांडलेल्या तेरा पणत्या, तेल-वाती घालून तयार, आणि माय हातात बरणीतल्या चार काड्या घेऊन उभी. तिने मला काही म्हटलं नाही. मी खाली दुकानात जाऊन येतो म्हणून चपला शोधू लागलो.

लेक आत गेली. अंधारात टेबलावर काहीतरी सरकल्याचा आवाज झाला आणि ती दोन्ही हातांवर बंगला घेऊन आली. सोनेरी भिंती, आइस्क्रीमच्या काड्यांचं छप्पर, वर कोपऱ्यात धुराडं. जळगावात मे महिन्यात पारा पंचेचाळीसला टेकतो, तिथल्या बंगल्याला धुराडं, पण यादीत नळी होती म्हणून आम्ही पुठ्ठा गुंडाळून केलंच होतं. तिने बंगला फरशीवर उलटा फिरवून ठेवला, मागच्या भिंतीवर नख लावलं आणि सोनेरी कागद हळूच ओढला. कागद सगळा निघाला नाही. बोटभर लांबीची तपकिरी पट्टी दिसली, अर्धी फेविकॉलने माखलेली.

माय गुडघ्यावर हात टेकत खाली बसली. पहिली काडी मोडली. दुसरीने नुसता धूर काढला. तिसरी फुर्रकन पेटली आणि बंगल्याची सोनेरी भिंत, मायचा हात, लेकीच्या कोपरावरचा हळदीचा डाग, सगळं एकदम दिसलं. माय पणतीकडे वळली. मी लेकीला विचारलं, आता शाळेत काय नेशील?

“मागची भिंत आहे ना पप्पा,” ती कुजबुजली, “मॅडम मागून बघत नाहीत.”